वर कोथिंबीर गोठते आणि खाली दूध नासतं: फ्रिज किती नंबरवर ठेवायचा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नागपूरला राहता. घरी सिंगल डोअर फ्रिज आहे, नॉबवर १ ते ७ आकडे आहेत, आणि मे महिना म्हणून तो ७ वर ठेवलाय. तरी दही दोन दिवसांत आंबट होतं, दूध दुसऱ्या दिवशी तापवलं की फाटतं. त्याच फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यातली कोथिंबीर मात्र गोठून काळी पडते. सासूबाई म्हणतात, ३ वर ठेव, बिल तरी कमी येईल. सासऱ्यांचं इन्सुलिनही त्याच वरच्या कप्प्यात आहे. पुण्याच्या बहिणीकडे डबल डोअर आहे, त्याला दोन नॉब, आणि तिचाही गोंधळ आहे. तर नक्की कितीवर ठेवायचं?

मी अमरावतीत फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं काम बरीच वर्षं करतोय. हा प्रश्न दर उन्हाळ्यात कानावर येतो. पण तुमच्या प्रश्नात इन्सुलिन आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ते इन्सुलिन आज, आत्ता वरच्या कप्प्यातून काढा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं आणि ते गोठता कामा नये. एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी वापरायचं नसतं, आणि गोठून गेलं होतं हे शीशीकडे पाहून कळेलच असं नाही. ज्या कप्प्यात कोथिंबीर गोठते तिथे इन्सुलिन सुरक्षित राहिलं असेल असं मी धरून चालणार नाही. डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानदाराला हे सांगून त्या शीशीचं काय करायचं ते विचारा. यापुढे ते एका छोट्या डब्यात घालून मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला ठेवा. मागच्या भिंतीला टेकू देऊ नका.

आता नॉब. ७ म्हणजे ७ अंश नव्हे आणि ३ म्हणजे ३ अंशही नव्हे. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा जितका मोठा तितकी थंडी जास्त, एवढाच त्याचा अर्थ. सिंगल डोअरमध्ये नॉबच्या मागे थर्मोस्टॅट असतो. त्यातून निघालेली एक बारीक नळी फ्रीझरच्या पेटीला चिकटवलेली असते. ती पेटी ठरावीक थंड झाली की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर, म्हणजे थंडी तयार करणारी मोटर, बंद करतो, गरम झाली की परत चालू करतो. नॉब फिरवून तुम्ही फक्त एवढं सांगता की पेटी किती थंड झाल्यावर थांबायचं. खाली तुमचं दूध किती अंशांवर आहे याची थर्मोस्टॅटला थेट काही खबर नसते. त्यामुळे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन फ्रिज ४ वर ठेवले तरी आतलं तापमान वेगळं निघतं. ते खोली किती तापते, दार किती वेळा उघडतं, आत किती सामान आहे, बर्फ किती साचलाय यावर ठरतं. म्हणून फोनवर कोणी 'किती नंबर ठेवू' असं विचारलं तर मी आकडा सांगत नाही, आतलं तापमान मोजायला सांगतो.

आतलं तापमान किती हवं, याबद्दल मात्र फारसा वाद नाही. ताज्या अन्नासाठी ५ अंशांच्या खाली, आणि मी स्वतः ३ ते ४ अंश धरतो. जागतिक आरोग्य संघटनाही ५ च्या खालीच ठेवा म्हणते. ५ ते ६० अंश हा पट्टा जिवाणूंना वाढायला सोयीचा असतो. ४ अंशांवर ते मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. लिस्टेरियासारखे काही जिवाणू तर थंडीतही हळूहळू वाढत राहतात, म्हणून फ्रिजमध्ये ठेवलंय म्हणजे आठवडाभर चालेल, हे खरं नाही. दुसऱ्या बाजूला १ अंशाच्या खाली जायचं तर फ्रिजमध्ये सगळीकडे सारखी थंडी नसल्यामुळे एखादा कोपरा शून्याखाली जातो. दूध आणि पालेभाजी शून्याच्या जरा खालीच गोठतात. म्हणजे वावरायला जागा फार थोडी आहे, तीन-चार अंशांची. फ्रीझर उणे १८ च्या आसपास असावा, पण सिंगल डोअरच्या छोट्या पेटीत ते नेहमी गाठलं जात नाही, विशेषतः आपल्याकडच्या उन्हाळ्यात.

मोजायचं कसं? फ्रिजचा थर्मामीटर वेगळा मिळतो, काट्याचा किंवा डिजिटल, आणि तो महाग नसतो. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो साधारण ३२-३५ अंशांच्या खालचं दाखवतच नाही. नुसता थर्मामीटर आत ठेवून दार उघडून पाहिलं तर तो हवेचं तापमान दाखवेल, आणि हवा दार उघडताक्षणी बदलते. आपल्याला अन्नाचं तापमान हवंय. त्यासाठी एक पेला पाणी भरून मधल्या कप्प्याच्या मध्यभागी ठेवा, थर्मामीटर त्या पाण्यात बुडवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फ्रिज पहिल्यांदा उघडाल तेव्हा लगेच वाचा. तोच पेला तिथेच ठेवून दुपारी चारच्या सुमारास पुन्हा वाचा. सकाळचा आकडा फ्रिजची ताकद सांगतो, दुपारचा आकडा तुमच्या घरातला खरा दिवस सांगतो. विदर्भात मी दुपारच्या आकड्यावर भर देतो, कारण दूध नासतं ते दुपारी. सकाळी ३ आणि दुपारी ५ असेल तर हात लावू नका. दुपारी ८-९ दिसत असेल तर काहीतरी करायला हवं. नॉब फिरवायचा तर एका वेळी एकच आकडा, आणि मग पुरे चोवीस तास थांबायचं. तासाभराने पाहून पुन्हा फिरवला तर काहीच कळत नाही.

पण तुमच्या फ्रिजमध्ये नॉब फिरवण्याआधी दुसरं काम आहे. वर गोठतंय आणि खाली गरम आहे, ही दोन लक्षणं एकत्र दिसली की दोष आकड्याचा नसतो. थंडी तयार होतेय, पण खाली उतरत नाही.

सिंगल डोअरमध्ये पंखा नसतो. फ्रीझरच्या पेटीला लागून हवा थंड होते, जड होते आणि चिलर ट्रेच्या (पेटीच्या अगदी खालच्या ट्रेच्या) मागच्या-पुढच्या फटींतून खाली उतरते. खालची कोमट हवा वर जाते. एवढ्यावरच सगळं चालतं. आता पेटीवर बोटभर बर्फ साचला तर काय होईल? बर्फ उष्णता नीट वाहून नेत नाही. पेटी आतल्या आत लवकर थंड होते, थर्मोस्टॅटला वाटतं काम झालं आणि तो कॉम्प्रेसर बंद करतो. खाली मात्र हवा थंड झालेलीच नसते. मग आपण आकडा वाढवतो. पेटी आणखी थंड होते, तिच्या अगदी जवळ असलेली कोथिंबीर गोठते, आणि दूध होतं तिथेच राहतं. नॉब ७ वर नेल्यावर तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतंय. त्यात कप्प्यांच्या जाळ्यांवर प्लॅस्टिकचा कागद किंवा वर्तमानपत्र अंथरलेलं असलं तर उरलीसुरली वाटही बंद होते. बऱ्याच घरांत जाळी खराब होऊ नये म्हणून अंथरतात. ते काढून टाका. चिलर ट्रे गच्च भरला असेल तर तोही मोकळा करा. जाळ्या काचेच्या असतील तर मागे आणि पुढे बोटभर फट राहील असं सामान लावा.

नागपूरकरांसाठी एक जास्तीचं कारण आहे, कूलर. पाण्याचा कूलर खोलीची हवा दमट करतो. तीच हवा दार उघडलं की फ्रिजमध्ये शिरते आणि तिच्यातलं पाणी पेटीवर बर्फ होऊन बसतं. कूलरच्या वाऱ्यात उभा असलेला सिंगल डोअर उन्हाळ्यात फार लवकर बर्फ धरतो. कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही, ४५ अंशांत ते शक्य नाही. फक्त त्याचा झोत थेट फ्रिजच्या दारावर येऊ देऊ नका आणि बर्फ लवकर लवकर उतरवा.

बर्फ अर्ध्या सेंटीमीटरच्या वर गेला की डिफ्रॉस्ट करायचं. नॉबच्या मधोमध जे बटण असतं ते रात्री दाबा, खाली ट्रे रिकामा ठेवा, सकाळपर्यंत पाणी होऊन जातं. बर्फ फार जाड असेल तर सरळ प्लग काढून दार उघडं ठेवा आणि पेटीत गरम पाण्याचं पातेलं ठेवा. एक विनंती मनापासून करतो: सुरी, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर यातलं काहीही बर्फाला लावू नका. ती पेटी ॲल्युमिनियमची असते आणि तिच्या पत्र्यातच थंडी करणाऱ्या गॅसच्या नळ्या असतात. एक भोक पडलं की गॅस निघून जातो, आणि आजच्या बऱ्याच फ्रिजमधला आर ६००ए हा गॅस ज्वलनशील असतो. माझ्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या कामांत सुरीने फुटलेल्या पेट्या दरवर्षी असतात, आणि तो खर्च अगदी टाळता येण्यासारखा असतो.

डिफ्रॉस्ट झालं की फ्रिज ४ वर लावून चालू करा. ७ वर नाही आणि सासूबाई म्हणतात तसा ३ वरही लगेच नाही. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ७ वर कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नाही आणि बिल वाढतं. पण मे महिन्यात नागपुरात ३ पुरेल का, हे पेल्यातला थर्मामीटरच सांगेल. माझा अंदाज, ४ किंवा ५ वर तुमचं काम होईल. पावसाळ्यात एक आकडा खाली या, डिसेंबर-जानेवारीत आणखी एक. थंडीत आकडा तसाच ठेवला तर भाजी गोठते. निफाडसारख्या ठिकाणी पारा एक आकड्यात जातो, तिथे तर १ किंवा २ वरही चालतं. काही नॉबवर आकड्यांऐवजी उन्हाळा, पावसाळा, हिवाळा यांची चित्रं असतात. ती सुरुवातीला उपयोगी पडतात, पण चित्र बनवणाऱ्याला तुमचं स्वयंपाकघर माहीत नव्हतं.

काही गोष्टी तुमच्या हातात नाहीत, हेही सांगायला हवं. आपल्याकडचे फ्रिज साधारण 'टी' वर्गाचे असतात, म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या खोलीत नीट चालतील असे बनवलेले. मागच्या पट्टीवर किंवा आतल्या स्टिकरवर हा वर्ग लिहिलेला असतो. चंद्रपूर-नागपूरला पारा ४५-४६ वर गेला, फ्रिज पश्चिमेच्या भिंतीला लागून असला आणि शेजारी गॅसची शेगडी असली तर फ्रिज त्याच्या क्षमतेच्या पलीकडे राबतोय. तेव्हा दुपारी ६ अंश दिसले म्हणून त्याला दोष देता येत नाही. त्याला मागून आणि बाजूने चार-सहा बोटं मोकळी जागा द्या, मागची जाळी असेल तर तिच्यावरची धूळ झाडा. नव्या फ्रिजना मागे जाळी नसते, नळ्या बाजूच्या पत्र्यात असतात, म्हणून बाजू गरम लागतात. त्याची काळजी करू नका. फक्त तिथे कपाट चिकटवू नका.

दाराचं रबर मात्र नक्की तपासा. एक नोट दारात अडकवून दार बंद करा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथून थंडी जातेय. रबराच्या घडीत जमलेला चिकटपणा साबणाच्या कोमट पाण्याने पुसला तरी निम्म्या वेळा ते पुन्हा धरतं.

आता दूध. यात सगळा दोष फ्रिजचा नसतो. सकाळी तापवलेलं दूध साय यावी म्हणून दुपारपर्यंत ओट्यावर राहतं, आणि मे महिन्यात तो ओटा ३८-४० अंशांचा असतो. तापवल्याने बरेच जिवाणू मरतात, पण काहींचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि दूध कोमट झालं की वाढायला लागतात. मग संध्याकाळी ते फ्रिजमध्ये जातं आणि दुसऱ्या दिवशी फाटतं. तापवल्यावर पातेलं परातीत पाणी घेऊन त्यात ठेवा, पाणी एकदा बदला, आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाका. साय फ्रिजमध्येही उत्तम येते. गरम पातेलं थेट आत ठेवू नका, कारण शेजारचं सगळं तापतं आणि वाफेचा बर्फ होतो. पण 'पूर्ण गार होऊ दे' म्हणून चार-पाच तास बाहेरही ठेवू नका.

भाताला हाच नियम आणखी कडक लावा. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही राहतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की तो असं विष तयार करतो की नंतर फोडणीचा भात केला, कितीही परतला, तरी ते जात नाही. रात्रीचा भात उरणार हे दिसलं की पसरट डब्यात काढून लवकर आत ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

दूध कुठे ठेवायचं हेही महत्त्वाचं. दार ही सगळ्यात गरम जागा असते, तरी दुधाच्या पिशव्या नेमक्या तिथेच असतात. दारात लोणचं, सॉस, पाण्याच्या बाटल्या ठेवा. दूध-दही मधल्या किंवा वरच्या कप्प्यात, मागच्या बाजूला. घरी इडलीचं पीठ असेल तर तेही चांगला साक्षीदार आहे: फ्रिजमध्ये ठेवलेलं पीठ रात्रीतून फुगून डब्याच्या बाहेर येत असेल तर आत ५ अंश नक्की नाहीत.

मासे आणि मटण जितकं शून्याजवळ तितकं चांगलं. सिंगल डोअरमध्ये ते चिलर ट्रेमध्ये, पण घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण त्याखाली शिजलेलं अन्न असतं आणि थेंब पडायला नको. दोन दिवसांत करायचं नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये.

भाज्यांचं गणित वेगळं आहे, कारण ४ अंश सगळ्यांना मानवत नाही. पालक, मेथी, कोथिंबिरीला थंडी आवडते, फक्त ती निवडून कोरड्या सुती कपड्यात गुंडाळून खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये ठेवा. भेंडी, वांगी, काकडी मूळची गरम प्रदेशातली. ७-८ अंशांच्या खाली ती चार-सहा दिवसांत डागाळतात, बुळबुळीत होतात, म्हणून ती ट्रेमध्ये ठेवली तरी तीन-चार दिवसांत संपवा. केळी १३ अंशांच्या खाली काळी पडतात, कच्चा आंबा थंडीत नीट पिकत नाही. बटाटा फ्रिजमध्ये गोडसर होतो आणि तळताना लवकर काळा पडतो, तो बाहेरच ठेवा. टोमॅटोची चव बाहेर चांगली राहते, हे खरं. पण तुमच्या मे महिन्यात पिकलेला टोमॅटो बाहेर दोन दिवसांत जाईल, तेव्हा तो खुशाल फ्रिजमध्ये ठेवा.

बहिणीच्या डबल डोअरबद्दल. त्यात पंखा असतो, थंडी वर फ्रीझरच्या मागे तयार होते आणि झरोक्यांतून खाली ढकलली जाते. दोन नॉब असले तरी जुन्या पद्धतीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये त्यातला एकच थर्मोस्टॅट असतो. दुसरा फक्त वरून खाली किती हवा सोडायची तो पडदा उघडतो किंवा मिटतो. फ्रीझरचा नॉब सगळ्यात थंडवर ठेवला की बहुतेक हवा वरच राहते. आइस्क्रीम दगडासारखं होतं आणि खाली दूध आंबतं. तिने दोन्ही नॉब मधोमध ठेवावेत आणि पेल्याने मोजून मग फ्रिजच्या खालच्या भागासाठीचा नॉब हलवावा. झरोक्यापुढे मोठं पातेलं ठेवू नये, नाहीतर त्याच पातेल्यात बर्फ होईल आणि बाकीचं गरम राहील. डिजिटल पॅनल असेल तर ४ आणि उणे १८ लावावं, पण पुष्कळ पॅनलवर दिसतो तो आपण मागितलेला आकडा असतो, आत प्रत्यक्षात असलेला नव्हे. तिथेही एकदा पेला ठेवून पाहावं. आणि तिच्या फ्रिजला इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) असेल तर कॉम्प्रेसर सतत हळू चालू राहणं हा दोष नाही.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास अन्न सांभाळतो, विदर्भाच्या दुपारी मी तीनच धरतो. वीज परत आल्यावर व्होल्टेज फार कमी असेल, कॉम्प्रेसर गुणगुणून टक् आवाज करत बंद पडत असेल, तर नॉबचा काही संबंध नाही. स्टॅबिलायझर लावा.

एवढं सगळं करूनही, म्हणजे बर्फ उतरवला, जाळ्या मोकळ्या केल्या, ४-५ वर ठेवून पूर्ण दिवस गेला, आणि सकाळचा पेलाही ८ च्या वर असेल, तर मग मेकॅनिक बोलवा. फ्रीझरच्या पेटीच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरतोय आणि बाकी पेटी कोरडी आहे असं दिसलं तर तेही त्याला सांगा, ती बहुधा गॅस कमी झाल्याची खूण असते. तो 'गॅस संपलाय, भरून देतो' म्हणाला तर आधी गळती कुठे आहे ती दाखवायला सांगा. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांत फिरत असतो, तो वापरून संपत नाही, गळूनच जातो. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्याच्या आत पुन्हा जाईल आणि पैसे दोनदा पडतील.

डिफ्रॉस्ट केल्यानंतरचे सकाळचे आणि दुपारचे, असे दोन आकडे मला लिहून कळवा. नॉब ४ वर ठेवायचा की ५ वर, ते त्यावरून नक्की सांगता येईल. इन्सुलिनचं मात्र आजच करा.